कंटाळ्याच्या डॉक्टर

बाईंच्या समोर बसून तुम्हाला कंटाळा आला, तर तो तुमच्या आधी बाईंना कळायचा. खरंच सांगते! तुम्ही आपले मान डोलावताय, "हो बाई, हो बाई" करताय, आणि बाई मधेच थांबून म्हणायच्या, "झालं. तू गेलीस. आता जे बोलेन ते भिंतीला." मी म्हणायची, नाही हो बाई, ऐकतेय ना! तर त्या नुसतं माझ्या पायाकडे बोट दाखवायच्या. चपलेत अंगठा वळवळत असायचा. "तोंड खोटं बोलतं," बाई म्हणायच्या, "अंगठ्याला अजून तेवढी अक्कल आली नाही."

मोताळ्यात त्यांना तोंडावर सगळे नुसतं 'बाई' म्हणायचे आणि पाठीमागे 'कंटाळ्याच्या डॉक्टर'. बाईंना ते माहीत होतं, आणि आवडायचंही. त्या औद्योगिक मानसशास्त्रज्ञ होत्या. हा शब्द मी आता पटकन टाइप केला, पण पहिल्यांदा ऐकला तेव्हा आमच्या घरात कोणालाच कळला नव्हता. बाबांनी तर विचारलंच, "म्हंजे कारखान्यातल्या येड्याईले पाह्यता काय तुमी?" बाई म्हणाल्या, "नाही. कारखाना ज्यांना वेडं करतो, त्यांना."

बाई मोताळ्याच्याच, एका शाळामास्तरांची मुलगी. इथली मुलगी शिकली तर फार तर मास्तरीण व्हायची अशा काळात त्या आधी नागपूरला, मग मुंबईला गेल्या, माणसाचं मन मोजायचं शास्त्र शिकल्या आणि एका कापडगिरणीत नोकरीला लागल्या. काम काय, तर कोणता माणूस कोणत्या कामावर बसवायचा ते ठरवणं. असं काही काम असतं हेच तेव्हा लोकांना ठाऊक नव्हतं. बाईंच्या आधी गिरणीत ते मुकादम करायचा, माणसाचा दंड दाबून. कामगार बाईंच्या खोलीत यायला टरकायचे. बाई डोळ्यांत पाहून डोक्यातलं वाचतात अशी हूल उठली होती, म्हणून एक जण दंडाला ताईत बांधून आला. "पुढच्या आठवड्यात ताईत विकणाराच गिरणीच्या दारात बसायला लागला," बाई सांगायच्या. "माझ्या शास्त्रामुळे ज्याला धंदा मिळाला, असा तो पहिला माणूस."

पण गिरणीची एक गोष्ट सांगताना बाई हसायच्या नाहीत. एक तरुण मुलगा होता, हात असा चपळ की बाईंच्या सगळ्या चाचण्यांत पहिला. बाईंनी त्याला यंत्रावर पाठवला. थोड्याच महिन्यांत त्याची दोन बोटं गेली. सगळे म्हणाले, नशीब. मुकादम म्हणाला, मस्ती. बाई मात्र स्वतः त्या यंत्रापाशी स्टूल टाकून बसल्या. रोज, पूर्ण पाळी. वरचे साहेब हसले, कामगारही हसले. "तेव्हा मला कळलं," बाई म्हणायच्या, "की हात नंतर थकतो. आधी लक्ष उठून घरी जातं. मी त्या पोराचे हात मोजले होते. त्याचा कंटाळा मोजलाच नव्हता." तिथून पुढे आयुष्यभर त्यांनी कंटाळाच मोजला. जेवणाच्या सुट्टीच्या आधी चहाची छोटी सुट्टी द्या म्हणून त्या साहेबांशी भांडल्या. साहेब म्हणाले, आम्ही पगार काय चहा प्यायला देतो? बाई म्हणाल्या, मग बोटांचे पैसे काढून ठेवा. सुट्टी मिळाली!

निवृत्त होऊन बाई मोताळ्याला परत आल्या आणि वडिलांच्या घराच्या पडवीत टेबल मांडून बसल्या. कोणीही या, तपासून घ्या. सुरुवातीला एका हेडमास्तरांनी त्यांना शाळेत बोलावलं. बाई खूश! पोरांचा कल बघायचा, कोण कशात रमतं ते शोधायचं. हेडमास्तरांनी त्यांना वर्गात नेलं आणि कानात सांगितलं, "बाई, यातले ढ कोणते तेवढं फक्त सांगून द्या, म्हंजे त्याईले मांगं बसवतो." बाईंनी सगळा वर्ग तपासला आणि संध्याकाळी सांगितलं, "सापडला. पण तो मागे बसणार नाही, त्याच्याकडे ऑफिसची किल्ली आहे." पुन्हा त्या शाळेतून बोलावणं आलं नाही.

आता आमची गोष्ट. आमचं गाव रोहिणखेडच्या पुढे, घरी कापूस, थोडी मिरची, थोडी वांगी. माझा मोठा भाऊ गजूदादा बारावी होऊन शेतीत होता, आणि त्याचं लग्न जमत नव्हतं. संग्रामपूरकडचं एक स्थळ मात्र जवळजवळ ठरलं होतं. मुलगी दादाला आवडली होती, दादा मुलीला. अडला होता मुलीचा मामा. "पोट्टा शेती करते म्हनता, थे त आमीबी करतो," मामा चहा पीत म्हणाला. "नोकरी दाखवा, लगेच साक्षगंध करू." त्याच सुमारास मलकापूर रोडवरच्या एका जिनिंगमध्ये प्रेसवर माणूस हवा होता. कापसाच्या गाठी बांधायचं ते मशीन. आधीच्या माणसाचा हात त्यात चेंगरला होता, म्हणून शेठ घाबरला होता. त्यानं सांगून टाकलं, मोताळ्याच्या बाई ज्याला हो म्हणतील त्यालाच घेतो. म्हणजे दादाचं लग्न बाईंच्या एका 'हो'वर येऊन टेकलं.

बाबा आधी एकटेच जाऊन पाहणी करून आले. बाईंकडे एक सागवानी पाट होता, त्यात वेगवेगळ्या आकारांच्या खाचा आणि त्या खाचांत बसणारे ठोकळे. घड्याळ लावायचं आणि ठोकळे भराभर बसवायचे, अशी ती चाचणी. बाई चहा ठेवायला आत गेल्या तेवढ्यात बाबांनी मोबाइलवर पाटाचे फोटो काढले, थेट सुताराकडे गेले आणि डिट्टो तसाच पाट करवून घेतला! मग काय, आमच्या ओट्यावर सकाळ-संध्याकाळ ठक ठक ठक. बाबा घड्याळ घेऊन समोर. आईनं तर त्या पाटाला हळदकुंकू लावलं. "गजू, जेव न आता," ती ओरडायची, "का ठोकळेच खाशीन?" दादा शेवटी शेवटी गाणी ऐकत, डोळे मिटून ठोकळे बसवायला लागला.

चाचणीच्या दिवशी आम्ही तिघं गेलो. बाईंनी घड्याळ लावलं आणि दादानं भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत बघत सगळा पाट भरून टाकला. बाबांच्या चेहऱ्यावर असं काही तेज आलं की बस! बाईंनी ठोकळे काढले, पाट उचलला, उलट दिशेनं फिरवून ठेवला आणि म्हणाल्या, "आता पुन्हा." दादा गार. त्रिकोण गोलात घालतोय, चांदणी चौकोनात. पाटाकडे असं पाहतोय जसं काही पाटानंच दगा दिला.

"पुंडलिकराव," बाई बाबांना म्हणाल्या, "पाट कुठल्या सुताराकडे केला?"

"कोनता पाट?"

"बरा जमलाय का त्याला?"

बाबांनी दम धरून पाहिला, पण राहवलं नाही. "बाई, खोटं काऊन बोलू, तुमच्यापेक्षा भारी लाकूड हाय."

बाई एवढ्या हसल्या की त्यांना पाणी प्यावं लागलं. मला वाटलं, सुटलो. पण बाई उठल्या, आतून एक परात आणली, तीत सोयाबीन, आणि सोयाबीनमध्ये बारीक खडे. ती दादापुढे ठेवली. "एवढे खडे निवड. घाई नाही." आणि स्वतः शब्दकोडं घेऊन बसल्या. ही चाचणी कोणालाच माहीत नव्हती, आणि असती तरी तिची ट्युशन कशी लावणार?

दादानं सुरुवात तर झकास केली. मग त्यानं मान वर करून विचारलं, "बाई, पंखा असाच आवाज करते का?" उठून पंख्याचं बटण खालीवर करून आला. मग रस्त्यावर दोन पोरं सायकलवरून भांडत होती, त्यांचा न्याय इथूनच करून दिला. कुल्फीवाल्याला गाडी सावलीत लावायला सांगितली. मला म्हणाला, तू थे खुर्ची इकडे घे, ऊन येऊन राह्यलं. मधेमधे खडे. बाई कोड्यातून मान वर करत नव्हत्या, पण मला पक्कं माहीत आहे, त्यांनी कोड्यात एक अक्षर भरलं नव्हतं.

"नाही," बाई शेवटी म्हणाल्या. "हात सोनं आहेत याचे. पण लक्ष गावभर फिरतं. प्रेसवर याला बसवायचं नाही."

बाबांचा आवाज चढला. "बाई, तुमच्या एका हो नं पोराचं घर बसते. हो म्हन्याले तुमच्या बापाचं काय जाते?"

"माझ्या बापाचं काही जात नाही. तुमच्या पोराची बोटं जातात."

"लोकाईचे पोट्टे काम करत नाईत काय प्रेसवर?"

मग बाईंची मुंबई सुटली. त्या चिडल्या की अशाच मोताळ्याला यायच्या. "करतात न! ज्याईचं लक्ष बसते थे करतात! तुमच्या पोट्ट्याचं एका जागी बसत नाई, त्याले मी काय करू? बोट गेल्यावर साक्षगंधाची आंगठी कोठी घालसान, कानात?"

बाबा ताडकन उठले. दादा त्यांच्या मागे. मी चपला शोधत राहिले आणि बाईंकडे पाहिलं. त्यांचा चेहरा जिंकल्यासारखा नव्हता. त्या परातीतले उरलेले खडे निवडत होत्या.

स्थळ मोडलं. अगदी मोडलं, जोडलं वगैरे नाही. मुलीचं लग्न पुढच्या उन्हाळ्यात दुसरीकडे झालं. दादा बरेच दिवस गप्प गप्प होता, आणि बाबांनी घरात बाईंचं नाव काढायला बंदी केली. ते कोणालाही सांगायचे, त्या बाईनं माह्या पोराचं वाटोळं केलं. नवा पाट त्यांनी चुलीत घातला. भारी लाकूड होतं, मस्त जळला.

आणि मग काय झालं ते ऐका! आमच्या गावात हनुमान जयंतीचा भंडारा होता. भर उन्हात काळी-पिवळी जीप थांबली आणि तिच्यातून बाई उतरल्या, एकट्या, छत्री घेऊन. बाबांनी पाठ फिरवली. बाई सरळ जाऊन पंगतीत बसल्या. जेवल्या, हात धुतला आणि पुढच्या पंगतीतही बसल्या. "बाई, भूक लागली का एवढी?" मी विचारलं. "मी जेवायला आले नाही, तुझ्या भावाला बघायला आलेय," त्या म्हणाल्या.

दादा तेव्हा भंडाऱ्याच्या मधोमध उभा. वरणाची बादली कुठे अडली, कोणत्या रांगेत पोळी पोचली नाही, म्हाताऱ्यांना सावली, पोरांना दम, पाण्याचा टँकर आला तर त्याला मागे घ्यायला लावणं, आणि पहिल्यांदा आम्ही बसणार म्हणून दोन भावक्या भांडायला उठल्या तर दोघींना हसवून एकाच रांगेत बसवणं. दुपार सरली तरी त्याला बसावंसं वाटलं नाही. बाई म्हणाल्या, "बघ. अंगठा बघ त्याचा. हललाय का? याला दर मिनिटाला नवी कटकट पाहिजे, तरच हा सुखी."

बाई शेठकडे गेल्या. हंगामात जिनिंगच्या आवारात कापसाच्या गाड्यांची ही लाइन लागते, नंबरावरून डोकी फुटतात. तिथे माणूस पाहिजे होता पण शेठला ते कळलंच नव्हतं, बाईंनी कळवलं आणि दादाचं नाव सुचवलं. बाबा घरात आदळआपट करत होते. "गेटवर दांडकं घेऊन उभं राह्यासाठी बारावी केली काय बे त्वा?" दादा पहिल्यांदाच बोलला, "बाबा, मी जाऊन पाह्यतो न. नाई जमलं त येतो वापस." तो वापस आलाच नाही.

त्यानंतरच्या हंगामात बाबा आमचा कापूस घेऊन तिथे गेले, मी गाडीत होते. पुढे दोन शेतकऱ्यांनी एकमेकांची गचांडी धरलेली, आणि मधे आमचा दादा. काय बोलला ऐकू आलं नाही, पण दोघंही हसले आणि एकानं दुसऱ्याला तंबाखू दिली. बाबांनी संधी साधून ट्रॅक्टर पुढे काढला. दादा धावत आला. "बाबा, मांगं घ्या, मांगं! वशिला नाई चालत अथी." आणि बाबांनी मागे घेतला, निमूट. चेहरा मात्र असा, की बस पेढे वाटायचे बाकी! मग लाइनीत बसल्या बसल्या ते दादाकडेच बघत राहिले. बऱ्याच वेळानं म्हणाले, "याले लय मजा येऊन राह्यली न पोरी?" मी म्हटलं, हाव बाबा. "मले कोनं इचारलं व्हतं?" ते म्हणाले.

पुढच्या रविवारी बाबा स्वतःहून बाईंच्या पडवीत. सोबत मी, दादा, आणि वांग्यांची पिशवी. इकडचं तिकडचं बोलले, वांग्यांवर बोलले, आणि एकदम म्हणाले, "बाई, मले पाह्यता का तपासून?"

आम्ही हसलो. बाई नाही हसल्या. "काय व्हायचं होतं, पुंडलिकराव?"

बाबा पडवीच्या खांबाकडे पाहत म्हणाले, "यस्टीचा कंडक्टर." आम्हाला हे आयुष्यात माहीत नव्हतं! तरुणपणी त्यांना बोलावणं आलं होतं म्हणे, आणि आजोबांनी, वावर कोन पाह्यन, म्हणून जाऊ दिलं नव्हतं. त्यावरून बाबा आजोबांशी शेवटपर्यंत धड बोलले नाहीत. आम्हाला वाटायचं, वाटणीवरून काही असेल.

बाई उठल्या. मुंबईला असताना त्यांनी बसचे कंडक्टर निवडायच्या चाचण्याही केल्या होत्या. त्यांनी पडवीत बसायचे पाट आणि खुर्च्या दोन रांगांत मांडल्या, गल्लीतली पोरं गोळा करून बसवली, मला बसवलं, दादाला बसवलं, प्रत्येकाच्या कानात गाव सांगितलं, रद्दीची तिकिटं फाडली, बाबांच्या खांद्याला स्वतःची पर्स अडकवली आणि म्हणाल्या, "चला, डबल बेल द्या." आणि स्वतः मागच्या खुर्चीवर भांडखोर म्हातारी होऊन बसल्या.

"ओ कंडक्टर, माह्या कोंबडीले तिकीट लागते का?"

"मांडीवर घेशीन बुढे त नाई लागत," बाबा मागे न बघता म्हणाले. "सीटवर बसवशीन त पूर्रं लागते."

पोरं खदाखदा हसत होती आणि बाबा रंगात आले होते. बाईंनी मग मधेच सगळ्यांच्या जागा बदलल्या आणि विचारलं, कोण कुठे उतरणार? बाबा बोट दाखवत गेले. हे पोट्टं रोहिनखेड. हे मोताळा. ही माही पोरगी, बुलढाना. गजू राजूर. बुढी आन् कोंबडी मलकापूर, उतरली एकदाची त गाडी शांत होईन. बाई बराच वेळ कागदावर लिहीत राहिल्या.

"नापास," बाई म्हणाल्या.

बाबा त्यांच्याकडे बघतच राहिले.

"तुम्ही फार बोलता, पुंडलिकराव. गावं विसरता, तिकिटं चुकवता. गाडी रोज लेट झाली असती आणि वर पब्लिकनं मारलं असतं."

बाबांनी पर्स काढून टेबलावर ठेवली. मग हसायला लागले. हसताहेत, हसताहेत, डोळे पुसताहेत. "म्हंजे माह्या बापानं बरंच केलं म्हना!" ते म्हणाले. "बुढ्याले समजलं असन. मीच येडा."

बाबा आणि दादा पुढे गेले, मी वांगी आत ठेवायच्या निमित्तानं थांबले. "बाई," मी म्हटलं, "बाबांचं एकही गाव चुकलं नव्हतं."

"माहीत आहे."

"मग? तुम्ही तर दादाचं लग्न मोडलं तरी खोटं नाही बोललात!"

बाई खुर्च्या सरळ करत होत्या. दम लागला होता त्यांना. "तुझ्या भावाची बोटं अजून जायची होती," त्या म्हणाल्या. "यांना खरं सांगून काय करू? बस कुठून आणू मी त्यांच्यासाठी?"

त्या वर्षी पितृपक्षात आजोबांचं पान बाबांनी स्वतः वाढलं. आधी दरवर्षी ते काम काकांचं असायचं. मी लगेच बाईंना फोन करून सांगितलं, नेहमीसारखं धाप लागेपर्यंत. बाईंनी एवढंच विचारलं, "खीर केली होती का?" म्हटलं, हो, दोन वाट्या वाढली. "असू दे," त्या म्हणाल्या आणि फोन ठेवला.

बाई गेल्या थंडीत गेल्या. आजारी पडल्या आणि आठवडाभरात गेल्या, कंटाळायला वेळच नाही मिळाला. नागपूरहून भाचा आला, त्यानं सगळं केलं. तेरवीला गावोगावची माणसं आली होती, ज्यांना बाईंनी कधी ना कधी सांगितलं होतं, तू हे कर, तू ते नको करू. प्रत्येक जण आपापला निकाल सांगत होता, एखाद्या मोठ्या डॉक्टरनं तपासल्यासारखा. बाबाही सांगत होते, मोठ्यानं, हात करून करून. "मले त बाईनं सपशेल नापास केल्तं! कंडक्टर झालो असतो त लोकाईनं हानलं असतं मले भर गाडीत. बाईनं सोताच्या तोंडानं सांगतलं!"

सगळे हसले, बाबा सगळ्यात जास्त. मी वाढता वाढता थांबले आणि दादाकडे पाहिलं. तो माझ्याकडेच पाहत होता. त्या दिवशी पडवीत राजूरचं तिकीट त्याच्याकडे होतं, आणि तेही बरोबरच होतं.